भीमेचा पूल आणि दुधाची एम-एटी

शके एकोणीसशे वीस, म्हणजे इसवी सन १९९८, कार्तिक मास. स्थळ, शिरूर तालुक्यातील न्हावरे गावाचे शिवार. मी सांगणार आहे ती हकिकत या काळी आणि या स्थळी सुरू झाली, आणि दौंड येथील एका दवाखान्यात तिला वळण मिळाले.

मित्रांनो, मी एक जुनी एम-एटी आहे. स्कूटरची ऐट माझ्यात नव्हती आणि मोटारसायकलचा रुबाबही नव्हता. परंतु दोन्ही अंगांना दुधाचे भरलेले कॅन घेऊन खडबडीत रस्त्याने न कुरकुरता जाणे माझ्याइतके फार थोड्यांना साधले. माझा धनी पोपट पहाटे वस्त्यावस्त्यांवरून दूध गोळा करी आणि भीमेचा पूल ओलांडून भांडगावाकडच्या शीतकरण केंद्रावर पोहोचवी. माझा आवाज ऐकून बायका चुलीवर चहाचे आधण ठेवत. याहून मोठे कौतुक मला नको होते.

कार्तिकात ऊसतोड सुरू झाली. पुलाच्या तोंडाशी एका ट्रॉलीतून उसाची मोळी निसटून आमच्यापुढे पडली आणि आम्ही घसरलो. दूध रस्त्यावर सांडले, पोपटचा गुडघा फुटला, माझा आरसा गेला. गुडघा भरून आला. मलाही नवा आरसा मिळाला. तरीही पुढच्या खेपेस पूल दिसताच पोपटची छाती धडधडू लागली, हातांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना. आपण आता मरणार, अशी त्याची खात्रीच झाली. शिरूरच्या डॉक्टरांनी तपासले. हृदय ठणठणीत होते. देवऋषी म्हणाला, "जागेनं धरलंय," आणि त्याने माझ्या हँडलला लिंबू बांधले.

त्यानंतर जी चूक घडली, ती माया करणाऱ्या माणसांकडूनच घडू शकते. आमच्याकडे पायी चालणाऱ्या ओळखीच्या माणसाला गाडीवर न घेणे हा अधर्म समजतात. पोपटने मला चालवणे सोडले होते, म्हणून तो पायी जाताना दिसला की कोणी ना कोणी थांबे: "बस की रं मागं, लाजतुस व्हय?" त्याची पत्नी ताईबाई वडापच्या, म्हणजे उतारू भरल्यावरच सुटणाऱ्या, जीपमधून कॅन नेऊ लागली. वडील हौसराव यांनी तर मला कडब्याच्या गंजीआड पोत्याखाली झाकले. हेतू एवढाच, की मुलाला मी दिसूच नये. परिणाम उलटा झाला. पुलाला भिणारा पोपट आता मलाही भिऊ लागला. इकडे जीप भरेपर्यंत दूध तापे आणि वाटेतच नासे. अखेर केंद्राचे प्रमुख सोपानराव यांचा निरोप आला: होळीपर्यंत पोपट स्वतः वेळेवर दूध घेऊन आला नाही, तर फेरी दुसऱ्याकडे जाईल.

ताईबाईने त्याला दौंडला मनोविकाराच्या डॉक्टरांकडे न्यायचे ठरवले, तेव्हा हौसराव उखडले.

"माझं पोरगं येडं हाय व्हय?"

"न्हाई ना आबा. गुडघा फुटला तवा दवाखान्यात नेलंच की. आता मन फुटलंय."

आबांनी स्वतःच दौंडच्या गाडीभाड्याचे पैसे काढून दिले. मी पोत्याखालून ताईबाईला मनोमन नमस्कार केला.

दवाखान्यातली हकिकत पोपटने मला पुढे पुसता पुसता सांगितली. डॉक्टर नीलम यांनी समजावले, की हे वेड नव्हे आणि भित्रेपणाही नव्हे. मेंदूतली धोक्याची घंटा उगाचच वाजते आहे. त्यांनी गोळी दिली. गुण सावकाश येईल, आणि बरे वाटले तरी गोळी मनाने बंद करायची नाही, असे बजावले. मग समुपदेशक महेंद्र सरांनी त्याच्या विचाराचीच उलटतपासणी घेतली. त्याला जिना पळत चढायला लावला.

"छाती धडधडली?"

"लई."

"मेलात का?"

"न्हाई की!"

"मग पुलावरच का मराल?"

पोपट म्हणे प्रथमच हसला. पुढचा उपचार मात्र माझ्या साक्षीने झाला, आणि त्याचा मला अभिमान आहे. आधी त्याने नुसते माझ्याजवळ बसायचे होते. मग मला पुसायचे, स्टँडवर उभी असताना चालू करायचे, पुढे बांधावरून फिरवायचे, आणि शेवटी पुलाच्या तोंडाशी जाऊन भीती ओसरेपर्यंत थांबायचे. चढलेली भीती आपोआप उतरते. पण ती उतरण्याआधी माणूस पळाला, तर ती बळावते. घरच्यांनाही पथ्य होते: लपवाछपवी बंद, लिफ्ट बंद. "लिंबू सोडू का?" असे ताईबाईने विचारले. महेंद्र सर म्हणाले, "राहू द्या. फक्त लिंबाला गाडी चालवायला सांगू नका."

प्रत्येकाला हाच उपचार लागतो असे नाही. त्याच दवाखान्यात येणाऱ्या नकुशीला बाळंतपणानंतर जगणेच नकोसे झाले होते. तिला औषधाबरोबर समदुःखी स्त्रियांच्या बैठकीने आधार दिला. कोणाला बालपणीच्या जखमा धीराने उलगडाव्या लागतात.

औषध श्रेष्ठ की बोलणे श्रेष्ठ, असा वाद घालणारे विद्वान मी पाहिले आहेत. त्यांना माझे उत्तर असे, की माझ्या पोटात नुसते पेट्रोल घातले तर इंजिन जळेल, आणि नुसते ऑइल घातले तर ते चालूच होणार नाही. प्रमाण जाणकाराने ठरवावे. कोणाचे एकाने भागेल, कोणाला दोन्ही लागतील. म्हणून मित्रांनो, विनवणी करते: तुमच्या माणसाचे मन आजारी पडले तर त्याला हसू नका, आणि मायेने झाकूनही ठेवू नका, झाकलेले लोखंड गंजते. त्याला उपचारापर्यंत न्या. मला पुन्हा रस्ता दाखवणाऱ्या त्या सर्वांची मी आजन्म ऋणी आहे.

होळीच्या आधीची ती सकाळ मला लख्ख आठवते. पोपट एकटा निघाला. पूल आला आणि त्याचे हात माझ्या मुठींवर थरथरले. पण त्याने मला मागे वळवले नाही. "धडधड बाई, किती धडधडायचं ते धडधड," असे तो आपल्याच छातीला म्हणाला आणि आम्ही पुलावर शिरलो. खाली भीमा संथ वाहत होती. मध्यावर येता येता मुठी स्थिर झाल्या.

केंद्रावर सोपानरावांनी कॅनचे झाकण उघडले, वास घेतला, हात लावून गारवा पाहिला. मग त्यांनी पोपटकडे पाहिले.

"दूध चांगलं हाय. फेरी तुझीच."