साधी गाठ

जासईचा काळूराम न्हावा शेवा बंदरात कंटेनरचा ट्रेलर चालवायचा. लघवीला अडखळत होतं, ते त्यानं बरेच महिने अंगावर काढलं. एका दुपारी बंदराच्या रांगेत ती तुंबली ती तुंबलीच. पोट दगड झालं. मागच्या ड्रायव्हरनं त्याला पनवेलच्या इस्पितळात पोचवलं.

नळी घातल्यावर सुटका झाली, पण तपासणीत प्रोस्टेटला लागून नारळाएवढी गाठ दिसली, आत पाण्याच्या पिशव्याच पिशव्या. सुईनं काढलेल्या तुकड्यात कॅन्सर नव्हता. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की अशी गाठ फार क्वचित होते. साधी असली तरी आतडं नि मूत्राशय दाबतेय, म्हणून पोट उघडून अख्खी काढायला हवी. थोडी जरी राहिली तरी पुन्हा वाढेल.

‘साधी’ या शब्दावर काळूरामचा विश्वासच बसेना. थोरला भाऊ भिकू कॅन्सरनं गेला, तेव्हा घरच्यांनी शेवटपर्यंत त्याला साधी सूजच सांगितली होती. सांगणारा काळूरामच होता.

ऑपरेशनच्या सकाळी बायको, कमळ, चहा आणायला गेली तसा तो लघवीची पिशवी सदऱ्याखाली दडवून निसटला. रिक्षास्टँडपर्यंत गेला, पण रिक्षात काही चढला नाही. कमळनं त्याला तिथं फुटपाथवर बसलेला गाठला.

“खरा सांग गो,” तो म्हणाला, “भिकूदादासारखा मनाही फसवताव का?”

कमळ त्याच्या शेजारीच बसली. “मना बी भ्या वाटतंय. चला, बाईंना दोघं मिळून विचारू.”

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “पूर्ण गाठ तपासल्याशिवाय मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण जे निघेल ते आधी तुम्हाला सांगेन, मग घरच्यांना.”

भिकूला असं कुणी म्हणालं नव्हतं. काळूराम आत गेला. टेबलावर त्याचे दात वाजत होते. नर्सनं हात धरला, तो त्यानं भूल चढेपर्यंत सोडला नाही.

रिपोर्ट येईस्तोवर दारात पाऊल वाजलं की तो मान वळवून बघायचा. बाई आल्या त्या थेट त्याच्या खाटेशी. गाठ साधीच होती, पूर्ण निघाली होती. मात्र अधूनमधून तपासायला यावं लागणार होतं. कमळ तोंडाला पदर लावून रडली. काळूरामला रडूही येईना.

नळी काढली त्या दिवशी तो संडासात भिंतीला हात टेकून उभा राहिला. काहीच होईना. बाहेरून कमळनं हळूच विचारलं, “झाली का?”

“थांब जरा,” तो म्हणाला. आणि मग धार लागली, बारीक, जळजळती. तो तसाच उभा राहून ऐकत राहिला.