एकतीस मेची सही

माझा जन्म एक जूनचा, असं कागद म्हणतो. कागद खोटं बोलतो. आई सांगायची की मी धानकापणीच्या दिवसांत झाले, म्हणजे नोव्हेंबरात. पण उमरेडजवळच्या आमच्या गावात डोक्यावरून हात घालून पलीकडचा कान धरता आला की पोर पहिलीत बसायचं, आणि गुरुजी सगळ्यांची जन्मतारीख एक जून लिहून मोकळे व्हायचे. वर्गातल्या सदतीस जणांचा वाढदिवस एकच. पेढा मात्र कोणालाच कधी मिळाला नाही.

त्या तारखेने माझं एकदा चांगलंच नुकसान केलं. बारावीला मी इंग्रजीत नापास झाले, एकतीस मार्क. ऑक्टोबरला पुन्हा बसायचं ठरवलं होतं. पण बाबा कायदा पाळणारे. अठरा पूर्ण झाल्याशिवाय मुलीचं लग्न करणार नाही, हे गावभर सांगायचे. एक जूनला कागदावर मला अठरा पूर्ण झाली आणि बारा जूनला माझं लग्न लागलंसुद्धा. खरी मी साडेसतराची. ऑक्टोबरात बाकीच्या नापास पोरी पेपर द्यायला गेल्या तेव्हा मी सासरी भाकरी थापत होते. नवरा, गुणवंतराव, माणूस म्हणून चांगले होते, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या पेपरबद्दल आहे, आजही आहे.

गुणवंतराव वारल्यावर योगेशने, माझ्या मुलाने, मला कॅनडात, मिसिसागाला आणलं. पीआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, मिळून चार वर्षं झाली; पण मत फक्त नागरिकांना देता येतं. यंदा एप्रिलमध्ये मतदान होतं. योगेश आणि सूनबाई स्वाती शाळेच्या जिममध्ये मत द्यायला गेले आणि मी नातीबरोबर, नऊ वर्षांच्या साक्षीबरोबर, पार्किंगमध्ये बसून राहिले. दोन लहान मुलं गाडीत ठेवावीत तशा आम्ही दोघी. त्याच दिवशी मी ठरवलं, सिटिझनशिपला अप्लाय करायचं.

नियम असा की सही करायच्या दिवशी पंचावन्न पूर्ण झाली नसतील तर कॅनडाच्या माहितीची, इंग्रजीतून परीक्षा द्यावी लागते, शिवाय इंग्रजी येतं याचा पुरावा द्यावा लागतो. पंचावन्न पूर्ण झाली की दोन्हीतून सुटका. हे कळल्यावर घरात सगळे खूश झाले, मी सोडून. दोन वर्षं दोन बस बदलून, बर्फातसुद्धा, मी इंग्रजीच्या सरकारी वर्गाला गेले होते. सर्टिफिकेट मिळवलं होतं. परीक्षेचं पुस्तक पेन्सिलीच्या खुणा करून करून काळं केलं होतं.

एकतीस मेला, शनिवारी संध्याकाळी, योगेशने लॅपटॉपवर माझा फॉर्म भरला आणि सहीपाशी येऊन थांबला.

"आई, उद्या मॉर्निंगला सबमिट करू. उद्यापासून तू फिफ्टी-फाइव्ह. नो टेस्ट!"

"आज काहून नाही?"

"आज केलं तर टेस्ट द्यावी लागेल ना. फेल झालीस तर सगळं अडकून बसेल. उगाच कशाला रिस्क घ्यायची?"

"आई, ह्यांचं बरोबर आहे," स्वाती म्हणाली. "आता कशाला टेन्शन घेता?"

"आजी, जस्ट वेट वन डे!" साक्षीनेही आपलं मत देऊन टाकलं.

माझ्या मस्तकात तिडीक गेली.

"माझ्या बापानं पण एक जूनचीच वाट पाहिली होती," मी म्हणाले. "त्या तारखेनं माझा एक पेपर खाल्ला. दुसरा खाऊ देणार नाही मी. मले सूट नको. नापास झाले तर होईन, पण पेपर देऊन होईन."

"अगं पण तुला इंग्लिशमध्ये..." योगेश बोलता बोलता थांबला.

"एकतीस मार्क होते. सांग ना. तू काहून घाबरून राहिला?"

पोरगा वाईट नाही माझा. त्याला माझी काळजी वाटते, आणि त्या काळजीचाच मला संताप येतो. मी लॅपटॉप स्वतःकडे ओढला. सर्टिफिकेट जोडलं, एका बोटाने नाव टाइप केलं, तारीख घातली, बटण दाबलं. रागाने दाबलं की भीतीने, कोण जाणे. दोन्ही होतं.

परीक्षेचं बोलावणं आलं ते ऑक्टोबरातच. घरीच, कॅमेऱ्यासमोर, खोलीत एकटीने द्यायची. पंचेचाळीस मिनिटं, वीस प्रश्न, पंधरा बरोबर हवेत.

माझे चौदा आले.

दार उघडलं तर योगेश समोरच उभा. 'सांगितलं होतं ना' हे त्याच्या ओठांवर आलं आणि त्याने ते गिळलं, ते मला स्पष्ट दिसलं. मला रडू फुटलं. पुन्हा बारावीच्या निकालाच्या कागदासमोर उभी होते मी. स्वातीने पाणी आणून दिलं. साक्षी मात्र सरळ आत जाऊन स्क्रीन वाचायला लागली.

"आजी, यू हॅव टू मोअर ट्राइज!"

मी डोळे पुसले आणि स्वतः जाऊन वाचलं. खरंच होतं. महिन्याभरात आणखी दोनदा बसता येणार होतं.

"म्हणजे ऑक्टोबरचा पेपर आहे तर," मी म्हणाले. "यावेळी मधेच माझं लग्न लावू नका म्हणजे झालं."

योगेश हसला नाही. त्याने गुपचूप पुस्तक आणून माझ्या हातात दिलं आणि पुढचे नऊ दिवस, ऑफिसहून आला की, समोर बसून मला प्रश्न विचारले.

दहाव्या दिवशी मी त्यालाही खोलीबाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. सव्वीस मिनिटांत वीस प्रश्न झाले. अठरा बरोबर. मी आकडा दोनदा वाचला. दारावर टकटक झाली.

"आई? झालं का?"

पंचेचाळीस मिनिटं माझी होती, त्यातली एकोणीस अजून शिल्लक होती. ती मी कोणाला देणार नव्हते.

"थांब," मी आतून ओरडले. "पेपर चालू आहे माझा."