पसरलेले हात

भाग्यलक्ष्मीनं त्या परक्या पोरीच्या पाठीत सणसणीत धपाटा घातला. तरी पोरगी हलेना.

"ऊठ म्हणतो न्हवं! आधी पाडलीस, आणि आता अंगावर बसून ऱ्हायलीयास?"

येळ्ळूरच्या मैदानावर शाळांच्या कबड्डीचा सामना चालला होता. वडगावच्या करिष्माला हिंडलग्याच्या तेजस्वीनं पकडलं, करिष्मा डाव्या हातावर पडली आणि जी किंचाळली, ती ऐकून भाग्यलक्ष्मी चप्पल टाकून धावली. लेकीचं कोपर भलतंच सुजलं होतं. शेजारचे रवळूअण्णा तेलाची बाटली घेऊन तयारच होते. वडगावात कुणाचा हात मुरगळला, पाय लचकला की लोक आधी अण्णांना हाक मारतात. एक झटका, वर गरम तेल, झालं काम! पण ही पोरगी करिष्माचा हात स्वतःच्या मांडीवर धरून त्यावर ओणवी झाली होती, कुणाला बोट लावू देत नव्हती.

"वढू नगासा, काकू. पाया पडतो. हात वढू नगासा."

"शानी लई! अण्णांना शिकवतीयास व्हय गं?"

दुसरा धपाटा बसला. पोरगी रडू लागली, पण तिनं हात काही सोडला नाही. एवढ्यात शाळेचे नागेंद्र सर पळत आले. त्यांनी लाकडी पट्टी लावून हात होता तसाच ओढणीनं बांधला आणि करिष्माला रिक्षात घातलं. रिक्षा निघाली तरी भाग्यलक्ष्मीचं तोंड चालूच होतं. त्या पोरीचा तिनं वाटभर उद्धार केला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी करिष्माच्या मनगटाची नाडी पाहिली.

"कुणी चोळलं, ओढलं नाही ना?"

"न्हाय."

"नशीब तुमचं! कोपराच्या वरचं हाड मोडलंय. मुलांचं हे हाड मोडल्यावर ओढलं, तर टोक रक्ताच्या नळीत घुसू शकतं. मग अख्खा हात कामातून जातो. आता तार घालून बसवू, होईल बरा."

सोबत आलेल्या रवळूअण्णांनी तेलाची बाटली सदऱ्याच्या खिशात खोल दडवली.

"मी वढलोच असतो की गं," ते हळूच म्हणाले. "त्या पोरीनं वाचवलं. करिष्माला बी, आणि मला बी."

ऑपरेशननंतर करिष्मानं बोटं हलवून दाखवली, तेव्हा भाग्यलक्ष्मीनं ती एकेक करून गालाला लावली. करिष्मा गुंगीतच म्हणाली, "आई, तू तेजूला मारलीस."



करिष्मा घरी आली त्याच आठवड्यात भाग्यलक्ष्मीनं घरच्या मागावरचं जांभळं, जरीकाठी कापड परकरापुरतं कापलं, खडेबाजारातून पेढे घेतले आणि हिंडलगा गाठला. तेजस्वी दारातच भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. पाहुणी ओळखताच ती उठून शेजारी बसलेल्या भावकूआज्याच्या मागं गेली.

"भिऊ नको गं बाई," भाग्यलक्ष्मी म्हणाली. "माझ्या लेकीचा हात तुझ्यामुळं ऱ्हायला. आणि म्या तुला मारलो. माझे हात झडले न्हाईत, हीच देवाची दया. तुझे उपकार कुठं फेडू गं?"

पोरगी लाजून हसली. "बरी हाय न्हवं करिष्मा? खेळंल न्हवं परत?"

"खेळंल की! तुझ्याच संगं खेळंल. ये, घे हे. दोन्ही हात पसर बघू."

तेजस्वीनं हात पुढं केले. उजवा सरळ आला. डावा अर्ध्यावर येऊन थांबला.

"पसर की गं नीट."

"एवढाच येतोय, काकू."

भावकूआज्यानं मान खाली घातली.

"पाच वर्साची होती. झाडावरनं पडली," तो म्हणाला. "म्याच वढलो. गावात कुणाचंबी म्याच वढत होतो."

तेजस्वीनं आज्याच्या बंडीवर पडलेली शेंगांची टरफलं झटकली.

मग भाग्यलक्ष्मी गुडघ्यावर बसली, आणि जिथवर तो हात आला होता तिथवर जाऊन तिनं कापड त्यावर ठेवलं.