न झुलणारी झोळी

मी झोळीचा बांबू बोलतोय. घाबरू नका. मी कुणाला काही करत नाही. लोक मला बघून दोन पावलं मागे सरतात, लहान पोरींना मला ओलांडू देत नाहीत, म्हणून आधीच सांगून टाकलं.

तलासरीच्या पूर्वेला डोंगराच्या अंगावर आमचा पाडा आहे. बावीस घरं. घरांमागे बांबूचं बेट आहे, त्यात मी वाढलो. तुक्याने मला तोडलं ते छपरासाठी. माझ्या फांद्या तासून त्याने मला अंगणात उन्हात टाकलं आणि तो किनाऱ्यावर झाईला बोटीवर कामाला निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या मुलीला, निलमला, कळा सुरू झाल्या.

डांबरी रस्ता पाड्यापासून तासाभराच्या वाटेवर आहे. आधी उतार, मग ओहळ, मग पुन्हा चढ. गाडी रस्त्यावरच थांबते, पुढे येत नाही. घरात पुरुष माणूस नव्हतं. निलमची आई जिवली अंगणात उभी राहून इकडेतिकडे बघत होती. तिला मी दिसलो. तिने चादरीची दोन टोकं माझ्या दोन टोकांना गाठ मारून बांधली, पोरीला आत निजवलं आणि पुढचं टोक खांद्यावर घेतलं. मागचं टोक शेजारच्या सुकीने घेतलं. बारकी आणि नवशी खांदा बदलायला सोबत आल्या. निलम ओरडत होती आणि झोळी माझ्याखाली डावी-उजवीकडे झुलत होती. दवाखान्यात पोचल्यावर थोड्याच वेळात मुलगी झाली.

मी छपरावर गेलोच नाही. तुक्याने दुसरा बांबू तोडला. माझी जागा जिवलीच्या ओटीवर, दोन खुंट्यांवर. कुणी आजारी पडलं की त्या घरातलं माणूस पळत येऊन आधी मला खाली काढतं आणि मग जिवलीला हाक मारतं. चार बाया, सात वर्षं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, कुणी नेमलं नव्हतं.

आता ती गोष्ट सांगतो, जी मला सांगावीशी वाटत नाही.

चालताना झोळी झुलते. झुलणारच. पुढचीचं आणि मागचीचं पाऊल कधी एका वेळी पडत नाही. तिसऱ्या पावसाळ्यानंतर आम्ही कविताला नेलं. नवं लग्न झालेली पोर, अंगात ताप, पण तोंडाने बडबड चालू. "जिवलीकाकू, मी जड आहे ना? सासूने खाऊ घातलंय," असं म्हणून हसत होती. उतारावर सुकीला ठेच लागली. मी गदागदा हललो. खाली झोळी हलली नाही. भिंत बांधताना गवंडी ओळंबा सोडतो ना, तशी सरळ टांगलेली राहिली. आतून कविताचा आवाज येत होता. तिसऱ्या दिवशी ती दवाखान्यातच वारली.

पुढच्या वर्षी एका म्हाताऱ्याला नेलं. झोळी तशीच, सरळ. तो ओहळापाशीच गेला. त्या वेळी जिवलीने चालता चालता हात वर करून मला चाचपलं होतं. तेव्हा मला कळलं की तिलाही कळतं.

आणि मग धाकली, पाड्यावरचीच एक तरणी बाई. पोट दुखतं म्हणून कळवळत होती. शंभर पावलांत झोळी स्थिर झाली. ओहळाशी आल्यावर त्यांनी झोळी खाली ठेवली. पाणी प्यायल्या. पाय पसरून बसल्या. आता घाई कशाला, असं कुणी तोंडाने म्हटलं नाही. उठायला मात्र फार वेळ लागला. धाकलीने दवाखान्याच्या दारातच जीव सोडला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थोडं आधी आणलं असतं तर बरं झालं असतं." जिवली घरी येऊन ओटीवर बसली, ती दोन दिवस जेवली नाही.

झोळीच्या या सरळ राहण्याबद्दल त्या बायांखेरीज पाड्यावर कुणाला ठाऊक नव्हतं.

आश्रमशाळेतले रविंद्र सर एक दिवस फॉर्म घेऊन आले. डहाणूतलं एक नागरिक मंडळ दरवर्षी स्वयंसेवी काम करणाऱ्या गटांना सन्मान देतं. यंदा ज्या गटाला सन्मान मिळेल, त्याच्या गावात मंडळ एक काम उभं करून देणार होतं. रविंद्र सरांनी चौघींची नावं लिहिली आणि कामाच्या रकान्यात एकच शब्द लिहिला, साकव. ओहळावर पायी जायचा छोटा पूल. तो झाला असता तर वाट अर्ध्यावर आली असती.

ऑक्टोबरच्या उन्हात दोन परीक्षक पाहणीला आले. दौलत गुरुजी मसोलीचे, निवृत्त मुख्याध्यापक, बारीक अंगाचे, पांढरा सदरा. दुसऱ्या सोनलताई, घोलवडकडच्या चिकूच्या बागायतदार घरातल्या, गळ्यात मंडळाचं ओळखपत्र, हातात छापील कागद. मी बरीच माणसं पाहिली आहेत. कागद घेऊन आलेलं माणूस आधी कागदाकडे बघतं, मग समोरच्याकडे.

"आतापर्यंत किती पेशंट नेले?" सोनलताईंनी विचारलं.

"मोजले नाही," जिवली म्हणाली.

"मग रेकॉर्ड? काही तरी नोंद असेल ना?"

"नोंद नाही. माणसं आहेत. बोलावू?"

दौलत गुरुजी हसले. म्हणाले, "उत्तर बरोबर आहे, पण रकान्यात बसत नाही."

सोनलताईंना व्हिडिओ हवा होता. "एकदा करून दाखवाल का? कुणाला तरी बसवून?"

"मीच बसतो," गुरुजी म्हणाले. "माझ्याइतका हलका परीक्षक यांना मिळायचा नाही."

ते चपला काढून झोळीत बसले. जिवलीने पुढचं टोक उचललं, सुकीने मागचं. अंगणातून बाया चालू लागल्या. सोनलताई मोबाईल धरून उलट्या पावलांनी पुढे चालत होत्या. गुरुजी आतून म्हणत होते, "छान आहे हो, अगदी राजासारखं वाटतंय."

दहा पावलं. वीस पावलं. झोळी हलली नाही.

जिवली जागीच थांबली. तिचा हात वर आला आणि माझ्या अंगावर टेकला. तिने मान वळवून मागे सुकीकडे पाहिलं.

गुरुजी उतरले, ओटीवर बसले, कोरा चहा आला. घराच्या कोपऱ्याशी सुकीने जिवलीचा हात धरला. मी खुंटीवर होतो, मला सगळं ऐकू आलं.

"बोलू नको," सुकी म्हणाली. "साकव जाईल."

"धाकलीच्या वेळी आपण बसलो होतो," जिवली म्हणाली.

सुकीने हात सोडला.

जिवली ओटीसमोर येऊन उभी राहिली. आमच्याकडे लहानमोठ्या सगळ्यांना तूच म्हणतात. "गुरुजी, तू परत झोळीत बस. आम्ही तुला दवाखान्यात नेतो."

"मला? मला काय झालंय?"

"झोळी झुलली नाही. झुलली नाही की माणूस राहत नाही. तीन वेळा बघितलं."

सोनलताईंचा मोबाईल खाली आला. "हे काय बोलताय तुम्ही? कुणाच्या तोंडावर असं बोलतात का?"

गुरुजींचा चेहरा उतरला, पण आवाज त्यांनी शाळेतला काढला. "बाई, चाळीस वर्षं मी मुलांच्या डोक्यातून हेच काढत आलो. तुमचं काम मोठं आहे. त्याला हे असलं चिकटवू नका." कप अर्धा ठेवून ते उठले. "चला, सोनल."

ते दोघं उतरणीला लागले. जिवलीने मला खुंटीवरून काढलं. चादर बांधलेलीच होती. तिने पुढचं टोक घेतलं. सुकी क्षणभर उभी राहिली, मग पुढे होऊन तिने मागचं घेतलं. बारकी आणि नवशी आल्या.

असे आम्ही निघालो. पुढे दोन परीक्षक आणि मागे चार बाया रिकामी झोळी घेऊन. सोनलताई वळून बघायच्या. त्या थांबल्या की जिवली थांबायची, त्या निघाल्या की निघायची.

"त्या का येतायत मागे?" सोनलताईंचा आवाज चिरकला. "गुरुजी, त्यांना सांगा ना जायला."

गुरुजींनी वळून पाहिलं नाही. ते डावा हात चोळत होते. भर दुपार होती, पण पाखरूही बोलत नव्हतं. आणि माझ्याखाली ती रिकामी झोळी, जिच्यात वाराही नव्हता, ती मात्र झुलत होती.

ओहळात गुरुजींनी एक पाय पाण्यात टाकला, दुसरा उचललाच नाही. ते हळूच खाली बसले, कमरेइतक्या पाण्यात, जसं कुणी अंघोळीला बसावं.

बाया धावल्या. त्यांना पाण्यातून उचलून झोळीत घातलं. झोळी लगेच सरळ झाली. जिवलीने ती बघितली आणि ओरडली, "बघू नका कुणी! चला!" त्या चढावर पळाल्या. सात वर्षांत मला कुणी असं पळवलं नव्हतं. सुकीच्या खांद्यातून कट्ट असा आवाज आला, तो मी ऐकला. ती थांबली नाही. रस्त्यावर परीक्षकांची गाडी होती. गुरुजींना मागे आडवं केलं, जिवली त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली, माझं अर्धं अंग उघड्या दारातून बाहेर. दवाखान्याच्या पायऱ्यांपर्यंत त्यांना पुन्हा माझ्यावरच नेलं. शेवटपर्यंत झोळी झुलली नाही.

आणि गुरुजी जगले.

हृदयाची नस बंद झाली होती. वेळेवर पोचले, असं डॉक्टर म्हणाले. ते ऐकून सगळ्यांना आनंद झाला. जिवली मात्र दवाखान्याच्या भिंतीला टेकून रडत बसली. "झुलली नाही तरी वाचला," ती सुकीला म्हणाली. "मग धाकली?"

सुकी खांदा धरून तिच्या शेजारी बसली.

पुढच्या महिन्यात निकालाचं पत्र आलं. रविंद्र सरांनी ओटीवर बसून वाचलं. दौलत गुरुजींनी परीक्षकपद सोडलं होतं. 'या गटाने माझा जीव वाचवला आहे, आता मी त्यांना गुण देणं योग्य नाही,' असं त्यांनी मंडळाला कळवलं होतं. गुण एकट्या सोनलताईंनी दिले होते. शेरा असा होता: काम चांगले, नोंदी नाहीत, अंधश्रद्धेचा प्रभाव. सन्मान किनाऱ्यावरच्या दुसऱ्या एका गटाला मिळाला. साकव गेला.

"मी बोलले होते," सुकी म्हणाली. पण रागाने नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी सोनलताई परत आल्या. ओळखपत्र नव्हतं, कागद नव्हता. सोबत त्यांची आई होती, हिरकणीबाई. दोन माणसांनी त्यांना हाताची खुर्ची करून एवढा डोंगर चढवून आणलं होतं. ऐंशीच्या पुढचं वय, हिरवं लुगडं, नजर तरतरीत.

सोनलताई जिवलीला बाजूला घेऊन हळू बोलल्या. "आईचं ऑपरेशन सांगितलंय. या वयात करावं की नाही, घरात कुणाचं एकमत होत नाही. तुम्ही एकदा... झोळीत बसवून बघता का? म्हणजे आम्हाला ठरवता येईल."

म्हणजे झोळी थांबली, तर सोनलताई आईला ऑपरेशन न करता इथूनच घरी नेणार होत्या.

जिवली म्हातारीपाशी जाऊन उकिडवी बसली. "आजी, तुला काय पाहिजे?"

"मला कोण विचारतंय गो?" हिरकणीबाई म्हणाल्या. "यंदा सुनेला लोणचं शिकवायचंय. ती मीठ कमी घालते."

जिवली उठली. तिने घरातून दोन दोऱ्या आणल्या आणि झोळीच्या दोन्ही कुशींना बांधल्या. एक बारकीच्या हातात दिली, एक नवशीच्या. दोघींनी दोऱ्या ताणून धरल्या. मग म्हातारीला आत बसवून आम्ही चालू लागलो, थेट रस्त्याकडे. झोळी हलूच शकत नव्हती. सोनलताई बाजूने चालत दोऱ्यांकडे बघत होत्या.

"पण असं धरलं तर कसं कळणार?"

"नाही कळणार," जिवली म्हणाली. "पाय उचल, ताई. दवाखाना लांब आहे."

थोड्या वेळाने सोनलताईंनी नवशीच्या हातातली दोरी मागून घेतली.

ऑपरेशन झालं, एवढं रविंद्र सरांकडून कळलं. पुढचं आम्ही विचारलं नाही.

आता प्रत्येकाला तसंच नेतात, दोऱ्या ताणून, एकाच वेगाने. त्यामुळे मलाही काही कळत नाही आणि मी सुखात आहे. कधीकधी दोन्ही दोऱ्या अचानक सैल पडतात, झोळीने ओढायचंच थांबवलं अशा. तेव्हा जिवली गाणं म्हणायला लागते आणि आम्ही पुढे जातो.

ही गोष्ट बाहेर फुटली आहे; शहरातून अजून माणसं येतात. एकदाच बसवा, म्हणतात. जिवली त्यांना पाणी देते आणि परत पाठवते. गुरुजी साकवासाठी दर महिन्याला अर्ज लिहितात. साकव अजून झालेला नाही.

माझं एकच मागणं आहे. दोऱ्या धरायला दोघी लागतात, त्यामुळे खांदा बदलायला कुणी उरत नाही, आणि सुकीचा खांदा गुरुजींना पळवत नेलं त्या दिवसापासून वर होत नाही. तुम्ही आमच्या बाजूला आलात, तर मला काही विचारू नका. माझं एक टोक उचला.