राणीचं जुनं बोलणं

प्रौढांच्या इंग्रजी वर्गात सासू-सून एकाच बाकावर बसत. सासूचा जन्म शिवणकामात गेला. अक्षरओळख झाली ती केस पिकल्यावर. वर्ग तिला शिंपीणबाई म्हणे.

सरांनी एक जुनं इंग्रजी नाटक बसवायला घेतलं. पुस्तकात डाव्या पानावर जुनी इंग्रजी, उजव्या पानावर तेच आजच्या सोप्या इंग्रजीत. सगळ्यांनी उजवं पान धरलं. म्हाताऱ्या राणीचं काम शिंपीणबाईला मिळालं, आणि ती डाव्या पानाला चिकटून बसली.

"बाई, हे लोखंडाचे चणे आहेत," सर म्हणाले.

"दात गेलेत सर. आता कशाला भ्यायचं?"

"मग शुक्रवारी वाचून दाखवा. अडलात, तर राणीचं काम दुसऱ्या कुणाला देईन."

घरी सुनेने डोक्याला हात लावला. "आई, कशाला हा हट्ट? उजवीकडे राणी सरळ सांगते, मी गड सोडणार नाही. संपलं!"

"डावीकडे बघ. आधी लेकाला विनवते, मग टोमणा मारते, मग त्याचं लहानपण काढते आणि शेवटी नाही म्हणते. घर सोडायची वेळ आली की माणूस एका वाक्यात उरकतं होय?"

"तुम्ही तर मीठ संपलं हेही एका वाक्यात सांगत नाही."

म्हातारी हसली, पण हटली नाही. उजवं पान म्हणजे तिच्या लेखी कच्चा टाका. सोपं वाक्य आधी म्हणायचं, अर्थ जागेवर बसला की त्यावर जुनं वाक्य पक्कं करायचं. भाजी ढवळतानाही तेच चाले.

शुक्रवारी ती उभी राहिली. सुरुवात झकास झाली. वर्ग मात्र मख्खासारखा बघत होता. मधेच जीभ अडली आणि सवयीने सोपं वाक्यच तोंडातून निसटलं. कुणीतरी खिदळलं. तिने पदर खोचला, त्याच दमात जुनं वाक्य म्हटलं आणि शेवटपर्यंत तशीच गेली: आधी सोपं, मग जुनं.

"अडलात बाई," सर हळूच म्हणाले.

"अडले. पण थांबले नाही."

मागच्या बाकावरून वर्गातला पाववाला ओरडला, "सर, आत्ता कुठे कळलं राणी काय म्हणते ते! आणि जुनं ऐकताना अंगावर काटा आला."

शिंपीणबाईने संधी सोडली नाही. "सोपं सूनबाई बोलेल, जुनं मी बोलेन. दोघी मिळून एक राणी."

"पण सासू-सुनेचं एकमत होईल?" सरांनी विचारलं.

"नाटकापुरतं होईल," सून उठत म्हणाली.

सरांनी खुर्ची मागे सारून जागा केली. "या पुढे दोघी. पहिल्यापासून घ्या."