हिऱ्याची बोहनी

"हात पुढं करा ना, दीपाताई," नयनशेठ तिसऱ्यांदा म्हणाला. दीपानं दोन्ही हात काउंटरखाली ठेवले होते आणि ते वर घेण्याचा तिचा काही विचार दिसत नव्हता.

समोर महागावचे मारोतराव आणि त्यांची मुलगी सुरभी बसली होती. सुरभीचा साखरपुडा आठ दिवसांवर आला होता. पुसदच्या या सराफी दुकानात आजच हिऱ्यांचं नवं काउंटर सुरू झालं होतं, नारळ फोडून, पेढे वाटून, आणि हे दोघं त्याचं पहिलंच गिऱ्हाईक.

दुकानाची एक रीत होती. नवा माल आला की बोहनी, म्हणजे पहिली विक्री, दीपाच्या हातानं. दागिना आधी तिच्या हातात चढायचा, गिऱ्हाईक तो तिथं पाहायचं आणि मग घ्यायचं. सोळा वर्षांपूर्वी म्हाताऱ्या शेठजींनी ही रीत पाडली. दीपा राठोडचा हात सावळा, लांब बोटांचा. त्यावर सोनं असं उठून दिसायचं की बाया घासाघीस विसरायच्या. शेठजी गेले, दुकान मुलाकडं, नयनशेठकडं आलं, रीत राहिली. हाताचं कौतुक पुष्कळ झालं. हाताच्या मालकिणीला बसायला कधी कोणी स्टूल दिलं नाही, ते असो.

मग आजच घोडं कुठं अडलं? तर टीव्हीवर.

रविवारी दुपारी तिनं आणि तिच्या सासूनं, रामीबाईनं, हिंदीत डब केलेला एक इंग्रजी पिक्चर पाहिला होता. हिरो गोरागोमटा, गाड्या उडत होत्या, म्हणजे असायचं ते सगळं होतं. पण मध्येच एक नदी आली. कंबरभर गाळात माणसं चाळण्या फिरवत होती आणि काठावर बंदूकवाले उभे होते. एका म्हाताऱ्यानं खडा लपवला म्हणून त्याच्या तोंडात बोट घालून तो काढला आणि त्याला तिथंच गोळी घातली. लगेच जाहिरात लागली. तीत एक नवरी हिऱ्याची अंगठी मिरवत होती.

"तुमच्या दुकानात येऊन राह्यले ते हेच खडे हायेत का वं?" रामीबाईनं विचारलं होतं.

पिक्चर म्हणजे बनवाबनवी, हे दीपाला कळत होतं. पण सोळा वर्षं दागिने हाताळूनही तिला खाण कधी कोणी दाखवली नव्हती. दाखवली ती पिक्चरवाल्यांनी. तेव्हापासून तिला राग आला होता. त्यात थोडा स्वतःचाही होता.

"ताई, तब्येत बरी नाही का तुमची?" सुरभीनं विचारलं.

"तब्येतीले काय धाड भरली?" दीपा म्हणाली. "हा खडा कोणी खणला, त्याच्यावर बंदूक होती का नव्हती, हे मले माहीत नाही. माहीत नाही तोवर मी हातात घालत नाही."

नयनशेठ हसला. "पिच्चर पाहून आल्या वाटते ताई. अवो, सुरतहून येते हा माल. संगं सर्टिफिकेट हाये."

"सकाळीच वाचलं मी ते. वजन हाये, रंग हाये, घाट हाये. माणसाचं त सोडा, देशाचंही नाव नाही त्याच्यात."

"मंग आता सुरतले फोन लावू काय?"

"लावा."

गिऱ्हाईकासमोर माघार घेणं शेठला जमेना. त्यानं फोन लावला आणि हसत हसत स्पीकरवर टाकला. पलीकडच्या व्यापाऱ्यानं प्रश्न दोनदा ऐकून घेतला.

"शेठ, बीस साल से धंदे में हूँ," तो म्हणाला. "ये बात आज तक किसी ने पूछी नहीं." आणि फोन बंद झाला.

"आता विचारली ना," दीपा म्हणाली.

मारोतरावांनी घसा खाकरला. "बाई, एका अंगठीनं तिकडचे लोक सुटणार हायेत काय? कायले आपलं नुकसान करून घेता?"

"नाही सुटणार, काका. पण माह्या हातानं त बोहनी होणार नाही."

शेठ लाल झाला. "मंग उद्यापासून येऊ नका. बाबानं ठेवलं म्हणून आजवर ऐकून घेतलं मी."

दीपाच्या नवऱ्याचं, प्रेमसिंगचं, काम हंगामापुरतं. घर या नोकरीवर उभं होतं. आताही हात वर केला असता तर सगळं जागच्या जागी राहिलं असतं. तिनं जेवणाचा डबा पिशवीत टाकला.

"बरं," ती म्हणाली आणि काउंटरमागून बाहेर आली.

शेठनं अंगठी स्वतःच्याच करंगळीत चढवली. दुसऱ्या पेरापर्यंत ती गेली आणि अडकली. पुढं जाईना, मागं येईना. तशीच त्यानं सुरभीपुढं धरली. "पाहा, पाणी पाहा हिऱ्याचं."

सुरभीनं निरखून पाहिली. "चांगली हाये. पण शेठ, हिरा आला कुठून?"

"सुरभे," मारोतराव दबक्या आवाजात म्हणाले, "तू कायले पडतं त्याच्यात?"

"बोटात मले घालाची हाये ना, बाबा. सांगू द्या त्यायले."

दीपा दाराबाहेर पायरीवर चप्पल घालत होती. तिनं मागं वळून पाहिलं. शेठ अंगठी ओढत होता, मारोतराव घड्याळ पाहत होते आणि सुरभी हाताची घडी घालून उत्तराची वाट पाहत बसली होती.