गुरुवारची मंजुरी

ऑफिसात तिला सगळे रिलीजबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर तिला त्याचा जरा अभिमानच वाटायचा. सॉफ्टवेअर लिहिणारे काय, खंडीभर होते. ते लिहिलेलं, गिऱ्हाइकाच्या कामाचा खोळंबा न होऊ देता, जुन्याच्या जागी नेऊन बसवणारी ती एकटी.

तिचं सगळ्यात नाजूक गिऱ्हाईक म्हणजे औषधांचं एक मोठं गोदाम. दर गुरुवारी सकाळी दहाला ती तिथल्या काउंटरला फोन करायची, स्क्रीन बंद करायला सांगायची आणि दहा मिनिटांत नवी आवृत्ती चढवायची. न सांगता चढवली, की कुणीतरी अर्धवट भरलेली पावती गायब व्हायची आणि कुठल्यातरी दवाखान्याचं इन्सुलिन गोदामातच पडून राहायचं. म्हणून आधी फोन, मग बाकी सगळं.

आणि तिकडे फोन उचलणारे तिचे बाबा होते.

आता बापलेकीत फोनवर बोलणं होतं यात नवल ते काय, असं वाटेल. पण त्या फोनखेरीज दोघांमध्ये काहीच उरलं नव्हतं. पाच वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हा ही असाच एक रिलीज करत बसली होती आणि फोन ड्रॉवरमध्ये होता. दोन तास. ती धावतपळत पोचली तेव्हा बाबा दारातच उभे होते. चार माणसांसमोर त्यांनी विचारलं, "आलात? झालं काम?" पोटच्या पोरीला 'आलात'! ते तिला असं लागलं की चार दिवस राहून ती निघाली, ती पुन्हा त्या घरात गेलीच नाही. स्वतःचा नंबरही बदलला. बाबांनी मागितला नाही, तिने दिला नाही. हट्टीपणात दोघं एका माळेचे मणी.

वर्षभराने गोदामाचं काम तिच्या कंपनीकडे आलं. बाबा तिथेच नोकरीला होते, पण फोन दुसरं कुणीतरी उचलेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती. पहिल्या गुरुवारी पलीकडून बाबांचाच आवाज आला. रिलीज डेस्कवरून बोलतेय, दहा मिनिटं स्क्रीन बंद करायची आहे, एवढं तिने कसंबसं सांगितलं.  मग ते म्हणाले, "करतो, मॅडम."

पण फोन काही त्यांनी ठेवला नाही. हिनेही ठेवला नाही. दहा मिनिटं दोघं नुसते कानाला फोन लावून बसले. पुढे पुढे त्या दहा मिनिटांत एखादं वाक्य यायला लागलं. आवाज बसलाय का. चष्म्याचा नंबर वाढला. गॅलरीतल्या कुंडीला कळ्या धरल्यात, आईने लावली होती ती. एकदा ते म्हणाले की, इथली मुलगी चहा फार गोड करते, आणि तिने विचारलं की मग साखर तपासलीत का. महिनाभराने त्यांनी आपणहून आकडा सांगितला. चार वर्षं हे असं चाललं. 'मॅडम' काही सुटलं नाही, पण त्यातला काटा गेला होता. आता अढी सोडून सरळ मनाने घरी जायचं असं ती दर महिन्याला ठरवायची आणि दर महिन्याला पुढे ढकलायची. घाई कसली, गुरुवार होताच ना.

मग साहेबांनी तिला बोलावून सांगितलं की हे हाताने चढवणं आता पुरे. बिल्ड सर्व्हर आणला होता. प्रोग्रामरने लिहिलेलं त्याने उचलायचं, तपासायचं आणि क्लाउडवर नेऊन ठेवायचं. जुनी आवृत्ती चालू असतानाच शेजारी नवी उभी राहणार, काम हळूच तिकडे वळणार. स्क्रीन बंद नको, फोन नको. आणि हे सगळं बसवायचं कुणी? तिनेच. दुसऱ्या कुणाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

तिने बसवलं, आणि चोख बसवलं. फक्त एका जागी ती अडून बसली. औषधांचा मामला आहे, गोदामाच्या माणसाची मंजुरी हवीच, असं तिने साहेबांना ठासून सांगितलं. दहा वाजता बाबांना मेल जाईल, त्यात एक बटण असेल, ते दाबलं की सर्व्हर पुढे जाईल. साहेब हो म्हणाले, पण एका अटीवर. माणूस जागेवर नसला तर काम अडायला नको. अर्ध्या तासात उत्तर आलं नाही, तर सर्व्हरने आपलं आपण पुढे जावं. ती ओळ तिने स्वतःच्या हाताने लिहिली. अर्धा तास कशाला लागतोय, बाबा वेळेचे पक्के, असं तिच्या मनात होतं.

पहिल्या गुरुवारी साडेदहानंतर तिने पाहिलं तर हिरवी खूण. म्हणजे बाबांनी बटण दाबलं. तिला बरं वाटलं आणि त्याच वेळी राग आला. इतकं सोपं? फोन का आला नाही, असं एका शब्दाने विचारावंसं वाटलं नाही? दुसऱ्या गुरुवारी हिरवी खूण, तिसऱ्या गुरुवारी हिरवी खूण. ती घुश्शातच होती. दहा वाजले की मुद्दाम दुसरं काम काढायची आणि साडेदहानंतर त्या खुणेकडे नजर टाकायची. बटण दाबताहेत, म्हणजे ठीक आहेत, एवढं तरी कळत होतं. अकरा गुरुवार तिने त्या हिरव्या खुणेवर काढले.

अकराव्या गुरुवारी दुपारी तपासनीस आले. कुठली आवृत्ती कुणाच्या मंजुरीने गेली, त्याची यादी त्यांना हवी होती. तिने नोंदी उघडल्या. अकरा वेळा बाबांचं नाव एकाखाली एक दिसणार, याचं तिला मनातून कौतुकच होतं. पहिलीच ओळ होती, 'मंजुरी आली नाही. वेळ संपल्यामुळे आपोआप पुढे'. दुसरी तीच, तिसरी तीच. तिने शेवटपर्यंत वाचलं. बाबांनी एकदाही बटण दाबलं नव्हतं. हिरवी खूण नुसती आवृत्ती चढल्याची होती.

तिने तिथल्या तिथे स्वतःच्या मोबाइलवरून काउंटरला फोन लावला. उचलला एका मुलीने. हिने कंपनीचं नाव सांगून बाबांना द्या म्हटलं, म्हणजे त्यांचं आडनाव घेतलं.  मुलगी म्हणाली की ते गेले. पंधरा दिवसांपूर्वी शुक्रवारी घरीच पडले, मंगळवारी गेले.

 मुलगी बिचारी चांगली होती, तिला वाटलं कंपनीतल्या बाई आहेत, कामाचं विचारत असतील. ती सांगत राहिली. मेल यायचा, पण काका म्हणायचे की हे नुसतं आगाऊ कळवलंय, फोन येईल, फोन आल्याशिवाय आपण कशाला हात लावायचा नाही. पावणेदहापासून फोनजवळ बसायचे. त्या वेळात दुसऱ्या कुणाला फोन करू द्यायचे नाहीत, वसकन अंगावर यायचे. आम्ही म्हणायचो, अहो काका, आता नाही येत फोन, सगळं आपोआप होतं. तर म्हणायचे, तिकडे गडबड असेल.

अकरापैकी नऊ गुरुवार बाबा फोनजवळ बसले होते आणि दोन गुरुवार ते नव्हतेच. समोरच्या नोंदीत अकराही ओळी सारख्या होत्या.

"त्यांनी कधी स्वतः फोन नाही केला?" तिने विचारलं.

"केला ना. चौथ्या का पाचव्या गुरुवारी. बंद लागला. मग परत नाही केला." मुलीने कागद चाळले. "आम्हीपण लावला, ते दवाखान्यात होते तेव्हा. त्यांच्या फॉर्मवर नातेवाइकाच्या रकान्यात तोच एक नंबर होता. तुमच्या कुणाच्या ओळखीचा आहे का बघा."

मुलीने एकेक आकडा वाचायला सुरुवात केली. तिला तो तोंडपाठ होता. चार वर्षं तिच्या टेबलावर असलेला रिलीज डेस्कचा फोन. सर्व्हर सुरू झाला त्याच आठवड्यात तिने तो फोन बंद करायचा अर्ज भरून कंपनीला परत केला होता. कारण विचारलं होतं तिथे 'आता गरज नाही' असं लिहून खाली सही केली होती.

तिने मुलीला मध्येच थांबवलं नाही. दहाही आकडे ऐकून घेतले.

"माझाच आहे," ती म्हणाली. "मी मुलगी त्यांची."